काकवीवर फिरलेला कॅमेरा

मी हाडाचा टर्नर. सत्तरचं जवळजवळ सगळं दशक मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथपुढं उभं राहून काढलं. पंपाच्या बुशपासून साखर कारखान्याच्या शाफ्टपर्यंत वाट्टेल ते बनवलं. पण आयुष्यात काय केलंत असं कुणी विचारलं, तर मी एकच वस्तू सांगतो. ती सोललेल्या नारळाएवढी होती आणि तिच्या पोटात काकवी भरलेली होती. हसायचं असेल तर हसून घ्या. तेव्हाही सगळे हसलेच होते.

माझा शाळेपासूनचा मित्र सातारा जिल्ह्यात, आमच्याच गावात मास्तर होता. सिनेमाचं भारी वेड. सांगलीला आला की एका दिवसात दोन खेळ बघून शेवटच्या एसटीनं परत जायचा. आणीबाणी उठली त्या वर्षी दिवाळीनंतर तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला.

"गड्या, आईवर सिनेमा काढतोय."

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण त्याच्या आईला, काकीला, मी लहानपणापासून ओळखत होतो. काकीचा नवरा पलटणीत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. पेन्शनीत निघाला तो मुंबईला गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून चिकटला. मळा, ऊस, बैलं, पोरं, सगळं काकीनं एकटीनं रेटलं. तिचा एक दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, एवढाच याचा सिनेमा.

पुण्याचा एक ओळखीचा कॅमेरामन चार दिवसांसाठी कॅमेरा घेऊन येणार होता. चावीचा कॅमेरा. चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालणार. फिल्मच्या डब्या मोजक्याच. स्टँडचं भाडं वेगळं होतं, ते परवडणार नव्हतं. म्हणून स्वारी माझ्याकडं आली होती.

"आई डोक्यावर वैरण घेऊन विहिरीपासून बांधानं घरापर्यंत येते," तो म्हणाला. "कॅमेरा मधी उभा. तो तिच्याबरोबर वळला पायजे, पण वळतोय हे कुनाला कळता कामा नये. ते जमलं तर माझा शिनेमा, न्हाईतर नुसती पोरखेळाची फिल्म."

मी म्हटलं, "आठ दिवसांत देतो." माझी जीभ हाताच्या नेहमी एक पाऊल पुढं असते.

तीन पायांचं लाकडी तिकाटणं करायला काहीच वेळ लागला नाही. खरं काम होतं वरच्या डोक्याचं, ज्यावर कॅमेरा फिरणार. मी एका नळकांड्यात दुसरं नळकांडं बसवलं. दोघांच्या मध्ये अगदी बारीक फट, आणि त्या फटीत ग्रीस. झटकन फिरवलं की लोण्यासारखं फिरायचं. सावकाश फिरवलं की अडायचं, आणि मग एकदम उडी मारायचं. ग्रीस काढून गिअरचं तेल घातलं, तर ते गळून माझ्याच पायावर. आठाचे वीस दिवस झाले. वर्कशॉपचा मिस्त्री म्हणाला, "लग्न कधी आहे या नवऱ्याचं?"

गावी गेलो होतो, तेव्हा गुऱ्हाळावर उभा होतो. गुळव्या काहिलीत लांब दांडा फिरवत होता. रस दाट होत आला होता आणि गडी कितीही जोर लावो, दांडा आपल्याच चालीनं वळत होता. ना अडणं, ना उडी. मी बघतच राहिलो. मग किटलीभर काकवी मागून घेतली. गुळव्याला वाटलं, सांगलीच्या पोरांना खायला नेतोय.

ग्रीस पुसून फटीत काकवी भरली. तोंडाला सायकलच्या पंपाचा चामडी वायसर बसवला. आणि डोकं फिरलं! सावकाश, जोरात, कसंही फिरवा, एकसारखं. घरी आणून बायकोपुढं दहा वेळा फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर मुंग्यांची रांग लागलेली.

ही अडचण माझ्या अकलेबाहेरची होती. बायकोनं ती एका वाक्यात सोडवली. आमच्या जाळीच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत असतात, तसेच तिकाटण्याचेही ठेवायचे. "आवं, मुंगीला पोहता येत न्हाई," ती म्हणाली, आणि शूटिंगला येताना पिशवीत तीन वाट्या घेऊन आली.

कॅमेरामननं मळ्यात उभं तिकाटणं पाहिलं. तिन्ही पाय पाण्यात. "हे काय? पूजा मांडली आहे का?" त्याला काकवीचं सांगितलं तेव्हा तो हसलाही नाही. "हा कॅमेरा माझा नाही. पडला तर मी जन्मभर फेडत बसेन. यावर ठेवणार नाही." तीन दिवस त्यानं कॅमेरा हातात धरला, बैलगाडीच्या जुवावर टेकवला, चिंचेच्या फांदीच्या बेचक्यात ठेवला. माझ्या तिकाटण्यावर नाही. मी आतल्या आत उकळत होतो. सगळा गाव बघत होता. टर्नरनं मोठं यंत्र आणलं आणि त्याला कुणी विचारत नाही!

चौथ्या दिवशी एकच डबी उरली. दुपारच्या गाडीनं कॅमेरा परत जायचा होता आणि बांधावरची चाल अजून घ्यायची होती. कॅमेरामननं फिल्म न चालवता, कॅमेरा हातात धरून दोनदा फिरून पाहिलं. त्याचं त्यालाच पटलं नाही. माझा मित्र ढेकळावर बसला होता. त्याचा चेहरा बघवेना.

मी चुलीजवळचं डेचकं उचललं, पाण्यानं काठोकाठ भरलं आणि तिकाटण्याच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलं. "तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा जड आहे. फिरवा." सकाळच्या थंडीनं काकवी आखडते हे मला ठाऊक होतं, म्हणून दहाचं ऊन चांगलं तापू दिलं होतं. त्यानं फिरवायची दांडी धरली आणि विहिरीपासून घरापर्यंत अर्धं वर्तुळ फिरवलं. पाण्याचा थेंब सांडला नाही. त्यानं उलटं फिरवलं. पुन्हा सुलटं. मग डेचकं उतरवलं आणि कॅमेरा चढवला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तेवढी अक्कल होती.

चावी दिली. काकी वैरणीचा भारा घेऊन निघाली. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली आणि मी मनात आकडे मोजायला लागलो. बारापर्यंत सगळं ठीक. तेराव्या आकड्याला काकी थांबली.

तिच्या पायात काटा मोडला होता. तिला थांबू नको असं कुणी सांगितलंच नव्हतं. डोक्यावरचा भारा एका हातानं धरून ती वाकली. फिरत्या कॅमेऱ्याला थांबवणं सोपं, पण थांबलेल्याला पुन्हा हलवताना धक्का बसतोच. ग्रीस तिथंच उडी मारायचं. काकीनं काटा उपटला, फेकला, आणि चालू लागली. कॅमेरामनचा हात तिच्याबरोबर निघाला. मी तिकाटण्याच्या डोक्याकडं बघत होतो. कुठं अडलं नाही, कुठं उडालं नाही. काकी दारात शिरली आणि चावी संपली.

फिल्म मुंबईहून धुऊन यायला उन्हाळा उजाडला. शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून भरदुपारी खेळ केला. भिंतीवर काकी चालायला लागली. ती थांबली, वाकली, आणि बायका एकदम "आगं आई गं" म्हणाल्या. कॅमेरा वळतोय हे एकालाही कळलं नाही. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. वीस दिवसांची मेहनत आणि कुणाचं लक्षसुद्धा नाही!

काकी माझ्याशेजारीच सतरंजीवर बसली होती. तिनं माझ्या दंडाला हात लावला.

"मी काटा काढाय थांबले, तवा त्यो क्यामेरा बी थांबला व्हय रं?"

"थांबला की, काकी."

"आन मी निघाले तवा संगं निघाला?"

"व्हय."

ती भिंतीकडं बघत राहिली. पुढची फिल्म सुरू झाली होती, बैलं पाणी पीत होती. मग ती हळूच म्हणाली, "तीस वरसं त्या वाटंनं चालले बघ. माज्यासाटनं कुनी थांबलं न्हवतं कवा."

अभिमानानं माझा ऊर भरून आला. मी तिचा हात दंडावर तसाच राहू दिला आणि पुढची बैलं बघत बसलो.