मामानं वाकडं ठरवलेलं चर्च

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चचा आमच्या अख्ख्या तालुक्यात एकच जाणकार झाला, तो म्हणजे आमचा मामा; आणि तो चौथी नापास गवंडी होता. बाबा खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा मी बारावी पास होतो आणि घर आईच्या मजुरीवर. मामानं मला आखातात, रास अल खैमाला, आपल्या बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून ओढून नेलं. "एकच वर्ष. माझा व्हिसा वाढला की तू कॉलेजात, फी माझ्याकडे," असं त्यानं सांगून टाकलं.

साइट ऑफिसात इंग्रज इंजिनियरनं आपल्या गावच्या सातआठशे वर्षं जुन्या चर्चचे फोटो आणि नकाशा लावला होता. चहाच्या सुट्टीत मामा तिथंच. सगळं चर्च त्यानं आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं: लोक बसतात तो सभामंडप, पाद्री उभा राहतो तो गाभारा. थडग्यावर चिलखत घालून, हात जोडून निजलेला दगडी सरदार म्हणजे वीरगळ, "फक्त ह्यांचा वीर लढून दमलाय." शुक्रवारी सुट्टीला शारजातल्या अल नहदात ओळखीच्यांकडे जेवायला गेलो, तरी हा त्यांच्या उंच टॉवरखाली मान वर करून उभा. "बाहेरून एक टेकू नाही, कमान नाही. पडंल रे हे!" यजमानांची मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स आरसीसी." "असू दे गं बाय," म्हणून हा पुन्हा वर बघतोच आहे.

एक दिवस त्यानं नकाशावर सूत धरलं आणि म्हणाला, "साहब, तुम्हारा चर्च टेढा है."

साहेब हसला. क्रुसावर येशूची मान कलली होती, म्हणून गाभारा मुद्दाम कलता बांधलाय, असं त्यानं समजावलं.

"नही साहब. देव का गर्दन गवंडी कायको टेढा करेगा? पहले गाभारा बना, बाद में मंडप. बीच में पुराना दीवार खडा, सूत आरपार जायेगा कैसे? मैंने गाव के मंदिर में यही गलती किया है."

साहेबाचा चेहरा लाल. मामाच्या व्हिसाचा कागद त्याच्याच टेबलावर, बिनसहीचा. आणि दुसऱ्या दिवशी साहेब महिन्याच्या रजेवर.

"खलास, मामा!" खोलीतले म्हणाले. "हो म्हणायला काय जात होतं?"

"माझं कॉलेज गेलं," मीही चिडलो.

"गेलं तर गेलं," मामा भात ढवळत म्हणाला. "दिसतंय वाकडं, तर सरळ कसं म्हणू?" पण त्या महिन्यात तो धड जेवला नाही.

साहेब परतला तो थेट मामापाशी. चर्चमध्ये त्यानं पाद्र्यालाच दोरीचं टोक धरायला लावलं होतं, आणि भिंतीत जुन्या-नव्या कामाचा सांधा सापडला होता. "यू आर राइट, मिस्त्री," म्हणाला आणि सही केली.

मी कॉलेजात होतो ती चारही वर्षं मामा रजेवर आला नाही. मामी दर दिवाळीला मला विचारायची, "यंदा?" मी खाली बघायचो. मी सिव्हिल इंजिनियर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.