अर्ध्या शालीच्या सिस्टर

देवानं माणसाला दोन हात दिले ते एकानं वस्तू धरायला आणि दुसऱ्यानं ती मधोमध कापायला, असं मनापासून मानणारी एकच बाई मी पाहिली, आणि ती नेमकी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलांनो, तो फ्लॅट तुमच्या बाबांचा. गुंतवणूक म्हणून घेतला आणि भाडेकरू शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. एकटी, वयस्कर, मिरजेच्या दवाखान्यात जन्म काढलेली कॅथलिक नर्स. याहून निरुपद्रवी भाडेकरू कुठला, असं मला वाटलं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

त्यांच्या भिंतीवर संत मार्टिन होता. घोड्यावर बसलेला शिपाई, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी तलवारीनं आपला झगा अर्धा कापणारा. “सगळाच का नाही दिला?” असं मी एकदा विचारलं. “सगळा दिला तर आपणच गारठून मरायचं, वहिनी. मग उद्याच्या भिकाऱ्याला कोण देणार?” हे तत्त्व त्यांनी टॉवेल, चादरी, साबणाच्या वड्या, सगळ्यांना लावलं. चपलांचा जोड तेवढा वाचला, तोही बराच विचार झाल्यावर. जत-आटपाडीकडून माणसं आपला रोगी घेऊन मिरजेला येतात, रोगी खाटेवर आणि ती फुटपाथवर. सिस्टर रोज सकाळी त्यांतली दोघं-चौघं घरी आणत, गरम पाण्यानं आंघोळ करायला लावत आणि अर्धा टॉवेल देऊन परत पाठवत. तुम्ही मला पाठवलेली निळी लोकरीची शाल मी सिस्टरांना तापात पांघरायला दिली होती. ती परत आली अर्धी, कडेला सुबक टीप घातलेली. “सिस्टर, ही माझी होती,” मी म्हटलं. “तुमची अर्धी तुमच्याकडं हाय की. दुसरी आटपाडीच्या म्हातारीकडं हाय. लय थंडी वाजत हुती तिला.” यावर भांडायचं कसं, हे मला माझ्या इंग्रजी शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सिस्टरांच्याच चर्चचे. मार्टिनच्या सणाला पुतळ्याला मखमली झगा शिवायचा म्हणून दारोदार वर्गणी मागणारे. त्यांनी एकदा सिस्टरांना लिफ्टपाशी अडवलं. पदराखाली काहीतरी होतं. संत एलिझाबेथ नावाची एक राणी अशीच गरिबांना लपवून भाकरी न्यायची. नवऱ्यानं पदर उघडायला लावला तर आत गुलाब निघाले, अशी त्यांच्यात कथा आहे. सेक्रेटरींनी विचारलं, “काय नेताय?” सिस्टरांनी पदर बाजूला केला. “भाकरीच हायत. गुलाब व्हायला मी कुठली राणी?”

लिफ्टला रोग्यांच्या नातेवाइकांचा वास येतो, अशी तक्रार मग रीतसर झाली. माणसं आणणं थांबवा, नाहीतर फ्लॅट सोडा. सभेत सेक्रेटरी म्हणाले, “सिस्टर, तुमच्या घरात आहे तरी काय एवढं, की लोकांची रीघ लागते? एकदा दाखवा सगळ्यांना.” त्या उठल्या, वर गेल्या आणि पायाला प्लॅस्टर घातलेला एक धनगर, त्याची बायको आणि तिच्या कडेवरचं शेंबडं पोर यांना घेऊन आल्या. कमिटीच्या रिकाम्या खुर्च्यांवर त्यांना ओळीनं बसवलं आणि म्हणाल्या, “ह्येच हाय.” संत लॉरेन्सनं म्हणे असंच केलं होतं. अधिकाऱ्यानं चर्चचा खजिना मागितला, तर यानं गावातले भिकारी पुढं उभे केले. त्याला जाळीवर भाजलं. आमची माणसं सुधारलेली, त्यांनी सिस्टरांना काढायच्या ठरावाला फक्त हात वर केले. विरोधात माझा एक हात होता. धनगर बिचारा हळूच म्हणाला, “आवं सिस्टर, आमच्यापायी कशाला? आमी जातो की.”

त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. सेक्रेटरींनी माझ्याआधी त्यांना गाठलं होतं. “आई, बाई चांगल्या आहेत, मान्य. पण सोसायटीशी वाकडं घेऊन उद्या फ्लॅट विकायचा कसा?” तुमचे बाबा लहानपणी शाळेत अर्धा डबा दुसऱ्याला देऊन खात. फोनवर ती आठवण काढायचा मोह मी आवरला.

सिस्टर आता साताऱ्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत. मी भेटायला गेले तेव्हा पांघरुणाबाहेर त्यांची पावलं उघडी होती; शेजारच्या खाटेवर त्याच पांघरुणाचा दुसरा तुकडा. “फ्लॅटमधी कोण आलं?” त्यांनी विचारलं. कुणी नाही, म्हटलं. “गिझर चालू हाय न्हवं?” चालू आहे, म्हटलं. “मग?” त्या म्हणाल्या.

फ्लॅट अजून विकला गेलेला नाही. जिन्यात पहाटे साबणाचा वास येत नाही, लिफ्ट अगदी स्वच्छ असते आणि चर्चमधला मार्टिन नव्या मखमलीत शोभून दिसतो म्हणतात. बाबांनी परवा विचारलं, यंदा मिरजेत थंडी फार आहे का, शाल पुरते का. त्यांना सांगा, अर्धीच आहे. पण पुरते.