उष्टं ज्याचं त्याने काढावं

"हा तर तुझाच विषय. उचल."

काळी पिशवी माझ्या हातात कोंबून काका हसले. काका म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. दिवाळीचं जेवण, भाड्याचा शाळेचा हॉल. टेबलांवर उष्ट्या प्लेटी, कोकचे रिकामे डबे. शिकायला आलेली आणखीही पोरं होती. पिशवी मला एकट्याला.

डबे परत घेणारं मशीन, हा माझा रिसर्च. आमच्या स्टेटमध्ये कायदा नवाच होता. कोक घेताना पाच सेंट जादा भरायचे, रिकामा डबा दुकानात आणून दिला की परत मिळायचे. तो डबा मशीनने ओळखायचा, चेपायचा, नाणं द्यायचं. काकांनी जेवताना कौतुकाने ऐकलं. मग आडनाव. मग गाव. तरी अंदाज लागेना, म्हणून घरी कोण काय करतं. सांगून टाकलं. आई नगरपालिकेत झाडूवाली. काका एकदम भाजीत गुंतले.

घरी फोन नाही. आईचं पत्र शेजारी लिहून देणार, ते कधीतरी येणार. महिनोन्महिने मराठी कानावर नाही. कुणी नुसतं 'अरे' म्हणावं, एवढ्यासाठी हौसेने गेलो होतो. म्हणून मुकाट्याने पिशवी धरली, एक टेबल साफही केलं. पुढच्या टेबलावर एका काकूंनी बोलता बोलता, वर न बघता, उष्टी प्लेट माझ्याकडे सरकवली. आईकडेही लोक असंच न बघता कचरा सरकवतात. डोकं फिरलं.

पिशवी काकांसमोर ठेवली. म्हणालो, "जो प्यायला त्याने डबा परत आणायचा, एवढंच माझं मशीन सांगतं. उष्टं तुमचं तुम्ही काढा."

"अरे यार, गंमत केली," एक पोरगा म्हणाला. काका म्हणाले, इथे येऊनही यांचं राजकारण सुटत नाही. ज्याच्या गाडीतून आलो तो न सांगताच गेला. बर्फातून चालत रूमवर आलो. बोलायला भिंती. रडलो, खोटं कशाला सांगू.

मंडळाचा फोन पुन्हा आला नाही. दुकानात मराठी ऐकून मान वळते, तर ती माणसं इंग्रजीवर येतात.

परवा प्रोफेसर म्हणाले, मशीनमध्ये आता बाटल्याही घेऊ; फुटक्या काचा वेचायला माणूस ठेवू, स्वस्त पडेल. नाही म्हणालो. तेही मशीनच करेल. कुणाच्या आईचा हात त्यात जाणार नाही.

आणि येत्या दिवाळीला बोलावणं नसलं तरी जाणार. जेवणाचं तिकीट काढून मधल्या टेबलावर बसणार. कुणी विचारायच्या आत आईचं काम सांगणार. उठताना प्लेट उचलणार. फक्त माझी.