उलटी फिरणारी थरथर

म्युनिकमधल्या एका संशोधन संस्थेत मी यंत्रांच्या कंपनांवर काम करते. गेल्या वर्षी माझ्याकडे एक पंप आला. त्याचं बेअरिंग वरचेवर खराब व्हायचं आणि कारण सापडत नव्हतं. सेन्सर उभं, आडवं आणि पुढे-मागे असं तिन्ही दिशांचं कंपन टिपायचा. मी प्रत्येक दिशेची फ्रिक्वेन्सी वेगळी काढायचे. तिन्ही आलेखांत एकाच जागी टोक यायचं, आणि त्यातून काहीच उलगडायचं नाही. दीड महिन्यानंतर वाटायला लागलं, आपल्याला हे झेपणारं नाही.

तेव्हा सासरे आमच्याकडे राहायला आले होते. ते पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. एका रविवारी पोहे खाताना त्यांनी माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"ही थरथर फिरतेय कुठल्या बाजूला?"

"अहो बाबा, ते यातून कळत नाही. तिन्ही दिशा वेगळ्या केल्यात ना."

"अगं, हालचाल एकच, मग तिचे तुकडे कशाला केलेस?"

दुसऱ्या दिवसापासून मी क्लिफर्ड बीजगणित नावाचं गणित मुळापासून शिकायला बसले. त्यात तिन्ही दिशा एकाच राशीत राहतात, आणि फिरण्याची बाजूही त्याच गणितात धरता येते. त्या अख्ख्या राशीचीच फ्रिक्वेन्सी काढायची. पण त्यात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. अधिक-उणेच्या चुकांनी तीन आठवडे खाल्ले. कितीदा चिडले, एकदा तर रडलेही. शेवटी, कुठल्या बाजूला फिरते ते आधीच ठाऊक असलेल्या मोटरवर पडताळा घेतला. बरोबर आला!

मग पंपाची मोजणी या गणितात घातली. पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, एका बाजूला फिरत होता आणि थरथर नेमकी उलट्या बाजूला. आमच्या तंत्रज्ञाला दाखवलं.

"आल्झो," तो म्हणाला, "म्हणजे शाफ्ट कुठेतरी घासतोय. घासला की तो उलटा ढकलला जातो, त्यानेच बेअरिंग जात असणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले.

त्याने पंप उघडला. गळती थांबवणाऱ्या सीलच्या आत एका कडेला लांबट, चकचकीत ओरखडा होता. त्याचा फोटो मी तिथूनच बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "बघू, जरा जवळून काढ."

सील बदलून पंप परत गेला, तो आजवर नीट चाललाय. आता संस्थेतल्या विद्यार्थ्यांना मी दर गुरुवारी हे गणित शिकवते. माझं जर्मन अडखळतं, पण मुलं प्रश्न विचारायचं थांबत नाहीत.