पिऊन दाखवायचं पाणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर कुणी भेटीला आलं की एक नाटक ठरलेलं असायचं. शेवटच्या टाकीपाशी टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर काचेचा ग्लास. केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराचे साहेब तो ग्लास उन्हात धरत, "बघा, किती स्वच्छ" म्हणत आणि फोटोवाल्यांसमोर गटागटा पिऊन टाकत. ग्लासात पाणी असायचं कॅनचं. कॅन साहेबांच्याच गाडीतून यायचा.

मी तिथे केमिस्ट होते, आणि आजही हे आठवलं की माझं डोकं तापतं. आमच्या कामात लाजण्यासारखं काही नव्हतं. अकोल्याच्या घराघरांतलं मोरीचं आणि संडासाचं पाणी आमच्या टाकीत येई, तिथले जंतू त्यातली घाण खात आणि निवळलेलं पाणी मोर्णेत जाई. नदीला सोसावं, मासोळी जगावी, एवढंच ते स्वच्छ हवं. पिण्यासाठी ते कधीच नव्हतं. पण त्या जंतूंना सतत हवा लागते. ती ब्लोअर नावाची मशिनं देतात, आणि ती वीज खातात. म्हणून ठेकेदार मनाला येईल तेव्हा ती बंद ठेवी. मग जंतू गुदमरत आणि नासक्या अंड्यासारख्या वासाचं, काळं पाणी तसंच नदीत जाई. मी बोलले की साहेब हसून म्हणत, "मॅडम, तुमचं काम तपासाचं हाये, बिल भराचं नाही." माझा करार दर वर्षी नवा व्हायचा आणि घरात कमावणारी मी एकटी. एवढ्यावर मी गप्प बसेन, असा त्यांचा हिशेब.

एकदा नदीच्या खालच्या अंगाच्या गावातल्या सरपंचबाई बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या काठावरच्या विहिरीला वास यायला लागला होता, गुरं नदीला तोंड लावत नव्हती. साहेबांनी लगेच टेबल मांडायला लावलं. ग्लास उचलला, तोच बाई म्हणाल्या, "तुमी राहू द्या साहेब. या पोरीले द्या. हेच तपासते न पाणी? हिनं पेलं तं आमी चाललो घरी."

साहेबांनी ग्लास माझ्या हातात दिला. उन्हाने घसा कोरडा पडला होता आणि पाणी गार होतं. एक घोट घेतला असता तर सगळं मिटलं असतं. पण मला संताप आला.

मी ग्लास टेबलावर ठेवला. "मावशी, हे कॅनचं पाणी हाये. टाकीतलं मी पेणार नाही, तुमीबी पेऊ नका. थे पेयाचं नसतेच."

"मंग आमच्या इकडे काळं काहून येते?"

"हवेच्या मशिनी बंद ठेवतात म्हणून. चाला, पाहा."

साहेब "अहो मॅडम, अहो मॅडम" करत मागे येत राहिले. ब्लोअर चालू असले की त्या शेडमध्ये ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, तेही ऐकू येत होतं. बायका काय समजायचं ते समजल्या. ऑपरेटर साहेबांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, तेव्हा मीच पुढे होऊन बटणं दाबली. शेड दणाणून गेली.

बायका दारात बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. सरपंचबाईंनी जाताना माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला.

त्या गेल्यावर साहेबांच्या तोंडचं मॅडम गळून पडलं. "तुले थ्या गावाचं एवढं काय पडलं? सोयरीक हाये का तिथं?"

"नाही साहेब. माहं घर अकोल्यात, जुन्या शहरात हाये. त्यायच्या विहिरीत जे जाते न, थे माह्या घरच्या संडासाचं हाये."

"उद्यापासून येऊ नको."

तरी मी दुसऱ्या दिवशी गेले. आजही जाते, फक्त फाटकाच्या बाहेर उभी राहते. मशिनींचा आवाज रस्त्यावर स्वच्छ ऐकू येतो. तो बंद असला की मी सरपंचबाईंना फोन लावते, आणि त्या बायकांना घेऊन निघतात.