तळपायाला तळपाय

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा आमच्या ह्यांना रेलून चालवायच्या सायकलीचं वेड लागलं. एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं आणि ऑफिसात दिवसभर नकाशे काढणारा हा माणूस घरी येऊन सायकलीचे नकाशे काढू लागला. दोन मोडक्या सायकली आणि एक लोखंडी खुर्ची यांतून ती एकदाची जमली. मागे टेकून बसायचं आणि पाय समोर ताणून पेडल मारायचे.

सपाट रस्त्यावर हे झोकात निघाले. सेमिनरी हिल्सच्या टेकडीचा चढ लागला तशी सायकल थबकली आणि हळूच कलंडली.

“हिच्यावर उभं राहून जोर लावता येत नाही ना,” गुडघ्याला हळद लावून घेत हे म्हणाले. “सगळं मांड्यांवर आहे. आता मांड्या कमवायच्या.”

बैठका मारून झाल्या, पण ह्यांना हवा होता पडल्या पडल्या रेटायचा जोर. त्यासाठी समोरून रेटणारं कुणीतरी पाहिजे. घरात दुसरं होतं कोण?

मग रोज सकाळी सतरंजीवर आम्ही दोघं उताणे, तळपायाला तळपाय लावून. मी साडीखाली ह्यांचा पायजमा चढवलेला. सुरुवातीला ह्यांनी रेटलं की मी सतरंजीसकट स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत घसरायची. महिन्याभरात घसरायची थांबले. मग हेच घसरू लागले.

“लाव जोर! दम नाही का?”

“आज सोडत नाही तुम्हाला!”

दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्या वाटी हातात धरून तिथंच उभ्या.

“अवं माय! लाथांवर आले का तुम्ही? काहून भांडून राहिले सकाळी सकाळी?”

आम्ही सायकल दाखवली, चढ सांगितला. काकूंना काही पटेना. “मले नको सांगू. भांडायचं तं तोंडानं भांडा,” म्हणत त्या समेट घडवायला चहापर्यंत बसल्या. संध्याकाळी काकांनी ह्यांना फाटकाशी गाठलं आणि हळूच म्हणाले, “बायकोले जपत जा गा.” सकाळच्या रेटारेटीनं ह्यांचे पाय अजून इतके थरथरत होते की काकांना तो पश्चात्तापच वाटला.

थंडी सुरू झाली तशी एका रविवारी हे तो चढ चढून गेले. मी मागून चालत पोचले तेव्हा हे लालबुंद होऊन गवतात पसरले होते आणि आकाशाकडे पाहून हसत होते.

“आता मला,” मी म्हटलं.

सायकल खाली नेली, पदर खोचला, चपला काढून ह्यांच्या हाती दिल्या. चढ संपला तरी माझे पाय थांबेनात. ब्रेक कुठं आहे हे विचारायचं राहिलंच होतं, म्हणून शेवटी एका झुडपात शिरले. खरचटलं, पण कुणाचा हात न धरता उठले.

घरी येताना सायकल मीच चालवली. हे माझ्या चपला घेऊन मागून चालत आले.