होणाऱ्या डॉक्टरांचा गाडा

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका मायाळू माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या मायेपुढे टिकून राहणंही तितकंच अवघड. पिंपरी पेंढारच्या त्यांच्या घरात कूलर आहे तो गोठ्यात. आबा स्वतः ओसरीवर टॉवेलने वारा घेतात. फोन केला की आधी बैलांची खुशाली, मग उसात बिबट्या दिसला की नाही ते, आणि ठेवता ठेवता, "तुमची ताई बी बरी हाय, पावणं." ताईच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा नवरदेवाचे वडील मांडवात नव्हतेच. एका बैलाला खोकला झाला म्हणून ते परस्पर घरी परतले होते.

आमच्या भागात यात्रेतल्या शर्यतीचा बैलगाडा घरातल्या लेकराच्या नावाने पळवायची हौस; शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. आबांचा गाडा माझ्या भाचीच्या, श्रुतीच्या नावाने पळायचा. पण नुसत्या नावावर आबांचं भागतंय कसलं! पोरगी दहावीला शाळेत पहिली आली आणि त्यांनी घाटाघाटातल्या माइकवाल्यांना तंबी दिली. तेव्हापासून बारी सुटायच्या, म्हणजे गाडा धावायच्या आधी भोंग्यातून चार गावांना ऐकू जायचं, "होणाऱ्या डॉक्टर, कुमारी श्रुती यांचा गाडा!" आबा फेटा सावरायचे आणि शेजारच्याला कोपराने ढोसून सांगायचे, "आमची नात."

बारावीच्या वर्षी श्रुती जेवेनाशी झाली. मग क्लासला जाईना, मग खोलीबाहेर येईना. आबांनी बैलांचा खुराक तिच्यासाठी काढला, दूध, अंडी, बदाम. दृष्ट काढली. शेवटी येत्या यात्रेत गाडा पहिला आणून तिला खूश करायचं ठरवलं. मी गेलो त्या दिवशी ते तिच्या दाराबाहेर उभे राहून तिला हेच सांगत होते.

आतून ती म्हणाली, "आबा, नका ना. भोंगा ऐकला की खिडकी लावून घेते मी. नाही झाले डॉक्टर, तर सगळ्यांना काय सांगणार तुम्ही?"

त्यावर बोलले ते दाजी, आबांचा मुलगा, वडिलांपुढे कधी आवाज न काढणारा. "आबा, माझं बी नाव आसंच घेत व्हता. होणारे कलेक्टर. मी शेतीऔषधांचं दुकान टाकलं, पण आजून घाटात पाऊल टाकवत न्हाई मला. तुमाला वाटतं, मला बैलांची आवड न्हाई."

आबा होते तिथेच खाली बसले. "मला वाटायचं, तुमाला लई बरं वाटतं," एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईट मात्र फार वाटलं.

श्रुती आता नारायणगावला एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. गोळ्या आहेत, बसून बोलणंही असतं. काही दिवस बरे जातात, काही नाही. यंदाच्या यात्रेआधी आबांनी तिला विचारलं, "गाडा कुणाच्या नावानं पळवू?"

"तुमच्या," ती म्हणाली.

यात्रेला ती आली, तिच्यामागोमाग दाजीही आले. भोंग्यातून आबांचं नाव निघालं आणि आबाच इकडेतिकडे बघू लागले, हा कोण नवा गाडामालक म्हणून. "आबा, तुम्हीच!" म्हणत श्रुती हसत सुटली. कितीतरी महिन्यांनी आम्ही ते हसणं ऐकत होतो. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात बैल घाट चढून गेलेही.

बारी कशी झाली, ते त्यांना घरी आल्यावर दाजींना विचारावं लागलं. दाजी जेवण होईपर्यंत सांगत होते.